मेच्या धुळीत इंजिन वाचवा. एअर क्लीनर आजच उघडा

नांगरट उरकली, आता रोटाव्हेटरची घाई सुरू आहे. थोड्याच दिवसांत रोहिण्या लागतील, मागोमाग मृग. नेमक्या याच दिवसांत तालुक्याच्या गॅरेजांपुढे उघडलेल्या इंजिनांची रांग लागली आहे. कुणाचा ट्रॅक्टर ऑईल पितो, कुणाचा ब्लो मारतो, कुणाचा रोटाव्हेटर टेकवला की दम टाकतो. तक्रारी वेगळ्या, पण बहुतेक ठिकाणी कारण एकच निघतं. इंजिननं धूळ खाल्ली.

ऑईल कधी बदलायचं, पाणी कधी पाहायचं, ग्रीस कुठं मारायचं हे आपल्याला ठाऊक आहे, त्यात जागा घालवत नाही. यंदा एअर क्लीनरबद्दलच लिहायचं आहे, कारण डिझेलच्या फिल्टरची काळजी घेणारी माणसंसुद्धा हवेच्या फिल्टरकडे ढुंकून पाहत नाहीत.

हिशेब करून पाहा. २७०० सीसीचं इंजिन २००० आरपीएमवर चालत असेल, तर ते तासाला सव्वा लाख लिटरच्या वर हवा ओढतं. ही हवा रोटाव्हेटरनं उडवलेल्या फुफाट्यातून येते. त्यातले गारेचे बारीक कण पिस्टनच्या रिंगा आणि लायनर यांच्यामध्ये सापडतात आणि दोन्ही घासत राहतात. लायनर वरच्या बाजूला झिजला की दाब खाली क्रँककेसमध्ये उतरतो, ब्रीदरमधून धूर येतो, ऑईल वर चढून जळतं आणि सायलेन्सर निळा धूर टाकतो. निळा धूर दिसेपर्यंत झीज होऊन गेलेली असते. मग कुठलंही औषध चालत नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना ऑईल-बाथ एअर क्लीनर आहे. हवा मधल्या नळीतून खाली येते, वाटीतल्या ऑईलवर आपटून उलटी वर वळते. जड धूळ ऑईलमध्ये बसते, हलकी धूळ वरच्या तारेच्या जाळीला चिकटते आणि ऑईलबरोबर परत खाली गळते. ऑईलचा गाळ झाला की ही सगळी व्यवस्था बंद पडते. एरवी रोज एकदा वाटी पाहिली तरी चालेल, पण रोटाव्हेटरच्या कामात सकाळी आणि दुपारी, अशी दोनदा पाहा. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा, जाळीतलं ऑईल खाली उतरू द्या, मग क्लिपा सोडा. वाटीच्या तळाला बोट लावा. बोटभर चिखल लागला तर ऑईल फेका, वाटी डिझेलनं धुऊन पुसा आणि इंजिनचंच नवं ऑईल खुणेपर्यंत भरा.

खुणेपर्यंत म्हणजे खुणेपर्यंतच. कमी भरलं तर धूळ सुटते. जास्त भरलं तर इंजिन ते ऑईल ओढून जाळू लागतं, आणि असं पळत सुटलेलं इंजिन स्टॉपची दांडी ओढूनही बंद होत नाही. अशा वेळी हवेचं तोंड फळीनं घट्ट दाबून बंद करायचं, हात किंवा फडकं लावायचं नाही.

आता जळक्या ऑईलबद्दल. इंजिनमधून काढलेलं काळं ऑईल डब्यात साठवून एअर क्लीनरमध्ये ओतण्याची सवय घरोघरी आहे. त्या ऑईलमध्ये आधीच काजळी आणि लोखंडाचा कीस आहे. वाटीत ऑईल मावतं जेमतेम लिटरभर. तेवढ्याचे पैसे वाचवायला चाळीस-पन्नास हजारांचं इंजिनकाम ओढवून घेणं ही काटकसर नव्हे. प्री-क्लीनरवर जुनं धोतर किंवा साडीचा तुकडा बांधणंही तितकंच वाईट. हवा कोंडते, काळा धूर येतो, डिझेल जास्त जातं, आणि फडक्याची धूळ झटकताना निम्मी धूळ नळीतच पडते.

ड्राय फिल्टर असणाऱ्यांनी वेगळं पथ्य पाळायचं. कागदी फिल्टर डिझेल किंवा पेट्रोलमध्ये धुवू नका, टायरवर आपटू नका. हवा मारायची तर कमी दाबानं, आतून बाहेर मारा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब जवळून मारला की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. आतला लहान सेफ्टी फिल्टर साफ करण्याचा नसतोच, तो बदलायचा. डॅशवरचा इंडिकेटर लाल झालेला नसताना रोज उघडझाप करू नका, प्रत्येक वेळी थोडी धूळ आत जाते.

पण फिल्टर चांगला असूनही इंजिन मरतं, ते होज पाइपमुळे. मोहोळकडचा एक भाड्यानं रोटाव्हेटर मारणारा मालक माझ्याकडे आला तेव्हा वैतागलेला होता. एकाच वर्षात दोनदा लायनर-पिस्टन बदलून झाले होते, तरी ब्रीदर पुन्हा धुरत होता. त्याचा ठाम समज, की किट डुप्लिकेट मिळालं. बॉनेट उघडलं. एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डला जाणारा रबरी पाइप खालच्या बाजूला तडकलेला, आणि वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली. पाइप काढून आतून बोट फिरवलं तर बोटावर तांबूस पीठ आलं. मिस्त्रीनं दोन्ही वेळा इंजिन खोललं, नवं सामान टाकलं आणि तोच पाइप परत चढवला. काही शे रुपयांच्या रबरानं दोन इंजिनकामं खाल्ली. तडकलेल्या पाइपाला पट्टी, एम-सील, सुतळी यातलं काहीही चालत नाही. नवा पाइप टाका आणि तारेऐवजी क्लिप वापरा.

हे तपासायला मिस्त्री लागत नाही. इंजिन आयडलवर ठेवा, प्री-क्लीनर काढून हवेचं तोंड सपाट फळीनं बंद करा. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालतच राहिलं तर कुठून तरी गाळल्याशिवाय हवा आत शिरते आहे. ती जागा सापडेपर्यंत ट्रॅक्टर शेतात घालू नका.

ब्लो मारणाऱ्या इंजिनमध्ये ऑईल घट्ट करायला गिअरचं ९० नंबर ओतणारेही आहेत. धूर चार दिवस कमी दिसतो, पण सकाळी स्टार्ट करताना ते ऑईल वर पोचेपर्यंत बेअरिंगं कोरडी फिरतात. ताकद कमी झाली म्हणून पंप वाढवून घेणं हा दुसरा घातक प्रकार. हवा कमी आणि डिझेल जास्त, म्हणजे नुसता काळा धूर आणि तापलेले पिस्टन.

रेडिएटरची जाळी मात्र याच वेळी पाहून घ्या. भुसा आणि धूळ बसली असेल तर पंख्याच्या बाजूनं बाहेर हवा मारा. बोअरचं जड पाणी घालत असाल तर ते थांबवा, कूलंट घाला. मळणीयंत्रावर ट्रॅक्टर लावताना भुसा इंजिनकडे येणार नाही अशा बेतानं, वाऱ्याची दिशा पाहून उभा करा.

पेरणीच्या तोंडावर जुने ट्रॅक्टर बरेच विकले जातात. घेणाऱ्यांनी रंग आणि टायर पाहण्याआधी होज पाइप काढून आतून बोट फिरवावं. मग इंजिन गरम करून ऑईल भरण्याचं झाकण उघडावं. तिथून धुराचा जोरदार झोत येत असेल तर इंजिनकामाचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. आणि व्यवहार ठरला तर घरी आणल्यावर पहिलं काम एअर क्लीनर धुण्याचं.