माशांच्या पाठी वाकतात, जीवनसत्त्व कमी पडते का?

प्रश्न : प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात पंगस सोडला आहे. काही माशांच्या पाठी वाकड्या दिसतात. खाद्यात जीवनसत्त्वे मिसळावीत का?

उत्तर : ही ‘क’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची ठळक खूण असू शकते. बहुतेक हाडाच्या माशांना हे जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, कारण त्यासाठी लागणारे विकर त्यांच्यात नसते. ते कमी पडले की कोलॅजन नीट बनत नाही. मग कणा वाकतो, कल्ल्यांची कूर्चा वेडीवाकडी होते, जखमा लवकर भरत नाहीत.

मातीच्या तळ्यात माशांना प्लवंगातून बरीच जीवनसत्त्वे मिळतात. अस्तराच्या तळ्यात दाटीने मासे असतील, तर भिस्त विकतच्या खाद्यावरच असते. साधे ‘क’ जीवनसत्त्व उष्णता, ओलावा आणि हवेने लवकर नष्ट होते. म्हणून त्याचे फॉस्फेटयुक्त, टिकाऊ रूप घातलेले खाद्यच निवडा. माशाची गरज किलोभर खाद्यामागे साधारण ५० मिलिग्रॅमपर्यंत असते, पण साठवणुकीतली घट धरून कारखाने जास्त घालतात. पोत्यावरील तारीख पाहा, पोती कोरड्या सावलीत फळीवर ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. साधी पूड पाण्यात टाकू नका, ती विरघळून वाया जाते.

जखम, संसर्ग किंवा सदोष बीज यांनीही पाठ वाकते. त्यामुळे आधी मत्स्यतज्ज्ञाकडून मासे तपासून घ्या. वाकलेला कणा पुन्हा सरळ होत नाही. बाकीचे मासे वाचवायचे, तर खाद्य आजच तपासा.