दगडावर कोरलेली नावे
शास्त्रपाठ : निर्गम २८:६-३०, ३१:१-६



निर्गमाचा अठ्ठाविसावा अध्याय आपण बहुधा भरभर वाचून पुढे जातो. कड्या, साखळ्या, मापे, रंग, सगळे आपल्याला दूरचे वाटते. पण देवरी तालुक्यातल्या एका गावी महिलांच्या अभ्यासात एका बहिणीने विचारले, "दगडावर नाव कोरतात कसे? पाट्याला टाकी लावतात तसे?" प्रश्न साधा होता, पण त्याने अख्खा अध्याय उघडला.

टाकीने हे होत नाही. आपल्या शास्त्रात गोमेद म्हटलेला दगड अकीकाच्या जातीचा समजला जातो. (सराफाच्या दुकानातला गोमेद वेगळा.) अकीक इतका कठीण की पोलादी सुरीचा ओरखडा त्यावर उठत नाही आणि घणाने तो फुटून जातो. त्याहून कठीण वस्तूनेच तो झिजतो, म्हणजे कुरुंदाची भुकटी किंवा हिऱ्याचे टोक. यिर्मया १७:१ मध्ये अशा टोकाचा उल्लेख आहे. म्हणून रत्नावर कोरणे हे खरे तर घासणे असते. एकेका अक्षराला किती वेळ लागत असेल, विचार करा.

आणि कोरायचे काय? इस्राएलाच्या बारा पुत्रांची नावे. दोन गोमेदांवर सहा-सहा, जन्माच्या क्रमाने; ते दगड अहरोनाच्या खांद्यांवर. शिवाय ऊरपटावर बारा रत्ने, प्रत्येकावर एक नाव. ती त्याच्या हृदयाशी. लेआ व राहेल यांच्या मुलांची नावे जशी, तशीच दासींच्या मुलांचीही. दानाचा दगड लहान ठेवावा, असे कुठेही सांगितलेले नाही.

कोरणाऱ्यांचीही नावे शास्त्राने जपली आहेत. यहूदा वंशाचा बसालेल आणि त्याच्या जोडीला दान वंशाचा अहलियाब. दान हा राहेलीची दासी बिल्हा हिचा मुलगा, हे आठवा. हे लोक कालपर्यंत मिसरात चिखल तुडवून विटा पाडत होते. परमेश्वराने बसालेलाला आपल्या आत्म्याने भरले ते रत्नांना पैलू पाडण्यासाठी, लाकूड कोरण्यासाठी. हातकामाला आपण 'अंगमेहनत' म्हणून बाजूला ठेवतो. शास्त्र तसे करत नाही.

ही कला आपल्या भागाला परकी नाही. नागपूरजवळच्या माहूरझरीला १९७० ते १९७२ या काळात उत्खनन झाले. तिथल्या शिळावर्तुळांच्या परिसरात अकीक आणि लाल कार्नेलियनचे मणी मिळाले. अर्धवट घडवलेले मणीही सापडले, म्हणजे मणी तिथेच घडत होते. आज हे काम मुख्यतः गुजरातेत खंभातला चालते. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतून भिल्ल बांधव पिढ्यान्पिढ्या दगड काढत आले. ते दगड उन्हात वाळवतात, मातीच्या भांड्यांत घालून मंद आचेवर तापवतात. आतल्या लोहामुळे पिवळसर दगड लाल होतो. मग लोखंडी खुंटीच्या टोकाला टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने छिलका-छिलका काढतात. पुढे चाकावर घासणे, हिऱ्याच्या टोकाच्या सामत्याने भोक पाडणे, चकाकी देणे. हे हात पाहिले की बसालेल पुस्तकातला राहत नाही.

पण घासताना जी बारीक धूळ उडते, ती छातीत बसते. तिने होणाऱ्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, आणि खंभातच्या घासकाम करणाऱ्यांत तो जुना आहे. फुप्फुस एकदा घट्ट झाले की पूर्वीसारखे होत नाही; बरे करणारे औषध नाही. पाणी सोडून घासले, धूळ ओढणारा पंखा लावला तर ती पुष्कळ कमी होते. १९४८ च्या कारखाने कायद्यात हा आजार कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत होता. पण घराच्या पडवीत चाक फिरवणाऱ्याला कारखान्याचा कायदा कुठून गाठणार? आपल्या गळ्यात किंवा बोटात जो दगड चमकतो, तो कोणी घासला हे आपण विचारत नाही. मला हे याकोब ५:४ मधल्या अडवून ठेवलेल्या मजुरीच्या जवळचे वाटते, जरी दुकानदाराला आपण पूर्ण किंमत मोजलेली असली तरी.

आता आपल्याकडे या. धान कापून झाले की सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावची माणसे कामाला बाहेर पडतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी गिट्टीच्या क्रशरवर. तिथे रत्न नसते, पण क्रशरची धूळ त्याच जातीची असते. परत आल्यावर खोकला धरतो, दम लागतो, वजन उतरते. टीबी समजून औषध सुरू होते. टीबी असूही शकतो, कारण सिलिकोसिस झालेल्याला तो लवकर धरतो. तेव्हा औषध मध्येच सोडू नये. पण तुम्ही आजाऱ्यासोबत दवाखान्यात गेलात, तर डॉक्टरांना आपणहून सांगा : हा भाऊ इतकी वर्षे दगडाच्या धुळीत होता. छातीचा फोटो काढायला सांगा. गरीब माणूस विचारल्याशिवाय हे बोलत नाही, आणि गर्दीत विचारायला कोणाला वेळ नसतो.

आमच्या गटाने एक साधी वही केली आहे. गावातून कामाला जाणाऱ्याचे नाव, कुठे गेला, कोणत्या मुकादमाबरोबर, काम कसले, घरी निरोप कोणाला द्यायचा. ख्रिस्ती असो वा नसो, जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव त्यात लिहितो. रविवारच्या उपासनेत मध्यस्थीच्या प्रार्थनेआधी ती नावे एकेक करून वाचतो. घाई करत नाही. तुमच्या मंडळीत अशी वही सुरू करायची असेल, तर दिवाळीआधी करा; कापणी झाली की माणसे निघून जातात.