उतारवयांतील स्थूलता व भूक

शरीरशास्त्राचा तास चालू असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न केला, "सर, आमची आजी माझ्या निम्मेंही जेवत नाहीं, तरी ती इतकी लठ्ठ कशी?" वर्गांत हंशा पिकला. परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचें उत्तर ठाऊक नसल्यामुळें खुद्द आमच्या घरीं एक मोठी चूक घडली आहे. ती पुढें सांगूं. प्रथम प्रश्नाचा विचार करूं.

भूक ही केवळ पोटाची गोष्ट नव्हे. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा एक लहानसा भाग आहे. शरीराच्या जमाखर्चाची वही त्याच्या स्वाधीन आहे म्हणाना. पोट रिकामें झालें म्हणजे जठरांतून घ्रेलिन नांवाचा स्राव रक्तांत मिसळतो व "अन्न हवें" असा निरोप मेंदूस पोंचवितो. हा स्राव १९९९ सालीं जपानांतील कोजिमा व कांगावा या शास्त्रज्ञांनीं शोधून काढिला. अन्न आंतड्यांत उतरलें कीं तेथून "आतां पुरे" असा उलट निरोप निघतो. तिसरा निरोप अंगांतील चरबीच धाडते. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ सालीं शोधलेला लेप्टिन तो हाच. चरबीचा सांठा किती आहे हें तो मेंदूस कळवितो. मात्र पुष्कळ स्थूल माणसांच्या रक्तांत लेप्टिन विपुल असूनही मेंदू त्याची दाद घेत नाहीं. दारावर रोज हांक मारणाऱ्याकडे घरच्यांचें लक्ष जाईनासें व्हावें, तसाच हा प्रकार आहे.

तरुणपणीं हा जमाखर्च बहुधा ठीक जुळतो. लग्नघरीं चार दिवस पक्वान्नें झालीं, तर पुढें कांहीं दिवस भूक आपोआप मंदावते. वृद्धपणीं ही जुळणी ढिली पडते. अमेरिकेंत बोस्टन येथील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं १९९४ सालीं याविषयींचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं तरुण व कांहीं वृद्ध पुरुष निवडून त्यांपैकीं कोणास २१ दिवस गरजेहून अधिक, तर कोणास गरजेहून कमी अन्न देण्यांत आलें. त्यानंतर प्रत्येकास हवें तेवढें खाण्याची मोकळीक दिली. तरुणांचीं वजनें लवकरच पूर्वस्थितीकडे वळलीं. वृद्धांचीं मात्र जीं वाढलीं तीं वाढलेलींच राहिलीं, आणि जीं घटलीं तीं घटलेलींच राहिलीं. यावरून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: वृद्ध माणूस "भूक नाहीं" म्हणतो तेव्हां तो खरेंच बोलत असतो, पण शरीराची गरज किती हें सांगण्यास त्याची भूक समर्थ राहिलेली नसते.

याचीं कारणें अनेक आहेत. वयोमानानें जठर सावकाश रिकामें होतें, त्यामुळें चार घासांतच पोट भरल्यासारखें वाटतें. नाकाची व जिभेची शक्ति मंदावते. दांत साथ देत नाहींत. कांहीं औषधांनीं तोंडाची चव जाते. आणि एकट्यानें जेवावयास बसणें हेंही भूक मारणारें एक कारण आहे.

मग आजी लठ्ठ कां? याचें उत्तर खर्चाच्या बाजूस आहे. २९ देशांतील सहा हजारांहून अधिक माणसांच्या मोजणीवरून २०२१ सालीं असें दिसून आलें कीं, देहाच्या आकारमानाचा हिशेब धरून पाहतां विशीपासून साठीपर्यंत शरीराचा शक्तिव्यय बहुतांशीं स्थिर असतो. साठीनंतर तो दरवर्षीं सुमारें ०.७ टक्क्यानें घटत जातो. त्यांतच गुडघे दुखूं लागतात व चालणें थांबतें. जेवण दोन घासांवर येतें खरें, पण मधल्या वेळीं चहाबरोबर खारी, टोस्ट, बिस्किटें हीं मऊ, सोपीं खाणीं नकळत पोटांत जातात. त्यांची गणना जेवणांत कोणीच करीत नाहीं.

याहून गूढ गोष्ट अशी कीं, वृद्धाच्या अंगांतील मांस हळूहळू झिजतें व त्याची जागा चरबी घेते. या झिजेस आयर्विन रोझेनबर्ग यांनीं सार्कोपेनिया असें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ मांसाचें दारिद्र्य. वजनाच्या कांट्यास मांस व चरबी यांतील भेद कळत नाहीं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं स्वतःचेंच उदाहरण जगापुढें मांडलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु चरबी एकाच्या अंगीं ९.१ टक्के, तर आमच्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगीं २१.२ टक्के! म्हणून आपल्या लोकांत कंबरेचा घेर मोजण्यास महत्त्व आहे. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांहून अधिक घेर ही धोक्याची सूचना समजतात.

आतां आमची चूक सांगतों. आमच्या आत्याबाई बहात्तर वर्षांच्या असतां त्यांचे गुडघे फार दुखत. वजन कमी करावें, असा सल्ला मिळाला. आम्ही पडलों शिक्षक! वही आंखली, कांटा आणिला आणि त्यांचें जेवण निम्म्यावर आणिलें. अंडीं बंद, दूध बंद, उसळ "जड" म्हणून बंद. "अरे, मला भूकच नाहीं," असें त्या म्हणत, आणि आम्हांस आनंद होई. चार महिन्यांत वजन नऊ किलोंनीं उतरलें. तो आंकडा आम्हीं मोठ्या अभिमानानें पाहुण्यांस सांगितला. परंतु त्याच सुमारास आत्याबाईंस पाटावरून उठतांना भिंतीचा आधार लागूं लागला, तें आमच्या वहींत कोठेंच लिहिलेलें नव्हतें. एके दिवशीं पहांटे उंबऱ्याशीं त्यांचा तोल गेला व मनगटाचें हाड मोडलें. वैद्यांनीं दंड चाचपून पाहिले व म्हणाले, "मास्तर, तुम्हीं चरबीबरोबर यांचें मांसही काढून घेतलें." त्या आमच्यावर रागावल्या नाहींत, आणि तेंच आम्हांस अधिक जड गेलें.

हें कसें टाळतां आलें असतें, याचें उत्तर अमेरिकेंत २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत आहे. ६५ वर्षांवरील १०७ स्थूल माणसांचे चार गट करून वर्षभर पाहिलें. नुसतें अन्न कमी केलेल्यांचें वजन १० टक्के घटलें, पण चरबीवांचूनचें, म्हणजे मांस आदिकरून जें वजन, तेंही ५ टक्के गेलें. अन्न कमी करून व्यायामही केलेल्यांचें वजन ९ टक्के घटलें आणि ही दुसरी हानि ३ टक्क्यांवर राहिली. उठणें, चालणें, ओझें उचलणें यांत सर्वांत अधिक सुधारणाही याच गटांत झाली.

तेव्हां पालकांस आमची विनंति अशी कीं, घरांतील वृद्धांचें अन्न सरसकट कमी करूं नये. गोड, तळलेलें व मैद्याचें खाणें कमी करावें. डाळ, दूध, अंडीं, मासे हीं राखावीं. निरोगी वृद्धास वजनाच्या दर किलोमागें दररोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनें असावींत, असें पुष्कळ तज्ज्ञांचें मत आहे. म्हणजे ६० किलो वजनास ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम, तर १०० ग्रॅम कोरड्या डाळींत सुमारें २२ ग्रॅम प्रथिनें असतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र वैद्यांस विचारल्यावांचून प्रमाण वाढवूं नये. आणि प्रयत्न केल्यावांचून सहा ते बारा महिन्यांत वजन शेंकडा पांच घटलें, तर आनंद न मानितां दवाखाना गांठावा.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या वांट्याचेंही काम आहे. आजीआजोबांच्या देहावरून किंवा ताटावरून थट्टा करूं नका. त्यांच्या सोबतीनें जेवा. सायंकाळीं त्यांचा हात धरून अंगणांत चार फेऱ्या घाला. खुर्चीवरून हातांचा टेकू न घेतां किती वेळां उठवतें, तें त्यांच्याबरोबर मोजा.

आत्याबाई आतां काठी घेऊन चालतात. ताटांत अंडें व वाटीभर दाट वरण असतें, आणि सकाळीं आमची धाकटी कन्या त्यांच्यासमोर उभी राहून त्यांचें उठणें मोजते. परवां आंकडा अकरावर गेला. आमच्या वहींत हल्लीं वजनाच्या रकान्याशेजारीं हा दुसरा रकाना आहे. तो आम्हीं आधींच आंखावयास हवा होता.