शनिवारी घाणा बंद : धंदा आणि माणसाची ओळख

‘आपण काय करता?’ असे कोणी विचारले की आपण नोकरी किंवा धंदा सांगतो. ‘मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तरही पुष्कळ जण त्यातच शोधतात. हे कितपत बरोबर आहे, याचा विचार होतकरू तरुणांनी धंद्यात पडण्यापूर्वीच करावा. अलिबाग तालुक्यातील थळचा किनारा त्यासाठी चांगला धडा देतो.

या किनाऱ्यावर धंद्यानेच माणसांना नावे दिली. जहाजाचा प्रमुख तो नाखुदा. हा मूळचा फारसी शब्द कोळीवाड्यात नाखवा झाला. तांडेल, सारंग हीसुद्धा गलबतावरचीच पदे. पुढे ती आडनावे झाली. आज ही आडनावे लावणारे कित्येक जण दुकानात, कचेरीत किंवा आखाती देशांत काम करतात. गलबत गेले, नाव राहिले. पण त्या नावावरून माणूस कसा आहे ते कळत नाही.

आता दुसरे उदाहरण पाहा. थळजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले, असे बेने इस्रायली समाज परंपरेने मानतो. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत हे लोक तेलाचा घाणा चालवीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. यातील ‘तेली’ हे धंद्याने दिले. ‘शनिवार’ हे मात्र त्यांच्या निश्चयाने मिळवले. हातावर पोट असणाऱ्याने आठवड्यातील एका दिवसाची कमाई सोडणे ही सोपी गोष्ट नव्हे.

अठराव्या शतकापासून या समाजातील अनेक जण मुंबईस जाऊन ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत दाखल झाले. त्यांच्यातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. घाणा केव्हाच सुटला, गावही सुटले. ओळख सुटली नाही.

थळला १९८५ मध्ये राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना सुरू झाला. मासेमारी आणि भातशेतीच्या या परिसरात पाळी, बढती, निवृत्ती हे शब्द आले. कायम नोकरीला मान आहे आणि तो असावाही. परंतु निवृत्तीच्या दिवशी खुर्ची दुसऱ्याकडे जाते. सारी ओळख खुर्चीवरच उभारली असेल तर त्या दिवशी हाती काय उरणार?

म्हणून नोकरी धरताना वा दुकान उघडताना तीन गोष्टी ठरवून घ्या. पहिली, कोणते काम कितीही पैसे मिळाले तरी करणार नाही? भेसळ, खोटे माप, मजुरी थकवणे यांपासून यादी सुरू करता येईल. दुसरी, त्यापायी किती तोटा सोसण्याची तयारी आहे? तिसरी, उद्या हा धंदा बदलला तर गिऱ्हाईक व शेजारी आपल्याला कशावरून ओळखतील?

यादी लहान असू द्या, पण पाळता येईल अशी असू द्या. धंदा परिस्थितीप्रमाणे बदलावा लागतो. घाणा कोणत्या दिवशी बंद ठेवायचा, हे मात्र आपणच ठरवायचे असते.