दोन गोळ्यांमधलं अंतर

रक्तदाबाची नवी गोळी सुरू केली की चौथ्या दिवशी अनेक जण घरच्या मशीनवरचे आकडे लिहून आणतात. "डॉक्टर, गोळी लागू पडत नाही, बदलून द्या." काही जण परस्पर एकाच्या दोन करतात आणि मग चक्कर येते, पाय सुजतात म्हणून येतात.

अशा वेळी गोळी बहुधा अम्लोडिपिन असते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंमध्ये शिरणारं कॅल्शियम ती रोखते. स्नायू सैलावतात, वाहिनी रुंदावते, दाब उतरतो. पण हे हळूहळू घडतं. रक्तातलं औषध निम्म्यावर यायला जो वेळ लागतो त्याला त्या औषधाचं अर्धायुष्य म्हणतात. अम्लोडिपिनचं अर्धायुष्य 30 ते 50 तास. म्हणजे उद्याची गोळी घ्याल तेव्हा आजच्या गोळीचा निम्म्याहून जास्त अंश रक्तात शिल्लक असतो. त्यात नवी भर पडते, पातळी चढत जाते आणि साधारण आठवड्याभराने रोज जेवढं आत येतं तेवढंच बाहेर पडू लागतं. खरा परिणाम तिथून मोजायचा. चौथ्या दिवशी दुप्पट केलेली गोळीसुद्धा अशीच साठत जाते, म्हणून त्रास उशिरा दिसतो. एखादा दिवस गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, नेहमीची एकच घ्या.

थायरॉक्सिनचं अर्धायुष्य तर जवळजवळ सात दिवसांचं. म्हणूनच डोस बदलल्यावर रक्ततपासणीला आम्ही सहा ते आठ आठवड्यांनी बोलावतो. पंधरा दिवसांत केलेल्या तपासणीचा आकडा दिशाभूल करतो आणि पैसेही वाया जातात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पॅरासिटामॉलची, कारण ते घराघरात आहे. त्याचं अर्धायुष्य दोन-तीन तासांचं, त्यामुळे चार-सहा तासांनी ताप पुन्हा डोकं वर काढतो आणि हात पुन्हा डब्याकडे जातो. यकृत या औषधाचा बहुतेक भाग निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर धाडतं. थोड्या भागाचा मात्र विषारी पदार्थ बनतो. ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला तिथल्या तिथे निकामी करतं, पण त्याचा साठा मर्यादित असतो. साठा सरला की यकृताच्या पेशीच मरू लागतात. निरोगी प्रौढ माणसासाठी 24 तासांत 4 ग्रॅम ही वरची हद्द. 650 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या झाल्या की आपण तिथे टेकलोच. नियमित दारू पिणारे, खूप अशक्त किंवा यकृताचे रुग्ण यांच्यासाठी ही हद्द बरीच खाली येते. त्यातच सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं. तापाची वेगळी आणि सर्दीची वेगळी अशा दोन गोळ्या घेणारा माणूस नकळत एकच औषध दोनदा घेत असतो. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा, नाहीतर केमिस्टला विचारा. आणि चुकून जास्त घेतलं गेलं तर त्रास व्हायची वाट पाहू नका. पहिल्या दिवशी माणूस अगदी ठीक दिसू शकतो, पण उताऱ्याचं औषध पहिल्या आठ तासांतच सर्वांत चांगलं काम करतं. तडक रुग्णालय गाठा.

ॲस्पिरिनची तऱ्हा उलटी. ती रक्तातून तासाभरात जवळपास नाहीशी होते, पण तेवढ्यात बिंबिकांना म्हणजे प्लेटलेट्सना कायमचं जखडून जाते. नव्या बिंबिका तयार होईपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, परिणाम टिकतो. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना ही गोळी चालू असल्याचं आवर्जून सांगा. मात्र स्टेंट बसवला असेल तर ती आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नका.

घरातल्या वयस्कर माणसांना गोळी गिळवत नाही म्हणून ती कुटून पेजेत घालतात. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल लिहिलेलं असेल तर असं कधीही करू नका. ती गोळी कित्येक तासांत थोडी थोडी सुटावी म्हणून तशी घडवलेली असते. कुटल्यावर सगळा डोस एकदम रक्तात उतरतो. गिळायला त्रास होतोय एवढं आम्हाला सांगा. अनेक औषधं पातळ किंवा विरघळणाऱ्या रूपातही मिळतात, चिठ्ठी बदलून देता येते.