बुंधा अजून जिवंत आहे



ईयोबाच्या ग्रंथाच्या १४ व्या अध्यायात झाड आणि माणूस यांची तुलना आहे. तोडलेल्या झाडाला पुन्हा धुमारे फुटण्याची आशा असते, माणसाला मात्र नसते, ही ईयोबाची तक्रार. ते झाड कोणते हे त्याने सांगितलेले नाही. पण पवित्र भूमीतल्या जैतुनाला ते वर्णन अगदी लागू पडते.

१९५६ सालचा जानेवारी दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात उबदार गेला. जैतुनाच्या झाडांत रस चढू लागला होता. फेब्रुवारीत अचानक कडाक्याची थंडी पडली. रस गोठला, साली फुटल्या, लाखो झाडे करपली. काही शेतकऱ्यांनी झाडे उपटून द्राक्षमळे लावले. काहींनी ती जमिनीलगत कापली आणि वाट पाहिली. बुंध्यातून धुमारे आले. म्हणूनच तिथे आज एका बुंध्यातून तीन-चार खोडे निघालेली झाडे दिसतात. जानेवारी १९८५ मध्ये इटलीतील टस्कनीत हेच घडले. फ्लॉरेन्सजवळ पारा उणे २३ अंशांपर्यंत उतरला होता. जैतुनाच्या बुंध्यावर गाठी असतात आणि त्यांत सुप्त डोळे असतात. वरचे झाड गेले की ते जागे होतात.

थंड देशांत काही जण जैतुनाचे बोन्साय करतात. कुंडीतली माती थोडी, त्यामुळे मुळांनाही लवकर गारठा लागतो. अशा झाडाला सावरायचे कसे?

१. घाई करू नये. पाने गळली तरी लगेच कात्री लावू नये. झाड गोठणार नाही अशा उजेडाच्या जागी ठेवावे. कोणती फांदी खरोखर मेली, हे वसंतात कळते.

२. तपासावे. शेंड्याकडून खाली येत साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर फांदी जिवंत. तपकिरी व कोरडे दिसले तर तेवढा भाग गेला. शेंडा गेला म्हणजे बुंधा गेला असे नव्हे.

३. पाणी बेताने द्यावे. पाने नसलेले झाड पाणी फार पीत नाही. वरची माती सुकल्यावरच पाणी घालावे. मायेपोटी रोज पाणी ओतल्यास मुळे कुजतात.

४. नवी पालवी जोमाने येईपर्यंत खत देऊ नये. मुळे कुजत नसतील तर कुंडीही बदलू नये.

५. पहिले वर्ष धुमारे मोकळे वाढू द्यावेत. त्यांच्या पानांवरच मुळे पोसली जातात. मग हवे ते राखावेत व बाकीचे काढावेत. झाड कलमी असेल तर कलमाच्या खालून आलेला धुमारा खुंटाचा असतो, हे ध्यानात ठेवावे.

मेलेले लाकूड सगळेच कापून टाकत नाहीत. बोन्साय करणारे त्यातले काही साल काढून तसेच राखतात; झाडाने काय सोसले ते त्यावरून दिसते. उत्थित प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण राहिलेच होते.

अॅरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने ‘जे आहे’ आणि ‘जे होऊ शकते’ यांत भेद केला. संत थॉमस अक्वायनस यांनी तो स्वीकारला. सुप्त डोळा अजून पान नाही, पण तो ‘काहीच नाही’ असेही नाही. सुकलेल्या काटकीत मात्र ती शक्यता उरलेली नसते. म्हणून आशा म्हणजे सगळेच जिवंत आहे असे मानणे नव्हे. आशा साल खरवडून पाहते, मेलेल्याला मेलेले म्हणते आणि जिथे हिरवे आहे तिथे थांबते.

आपल्या घरांतही अशी माणसे असतात: व्यसनाने करपलेला मुलगा, अबोला धरलेला भाऊ. आपण एक तर त्यांच्यावर पाणी सोडतो, नाही तर उपदेशाचे खत ओतत राहतो. दोन्हींनी नुकसानच होते. आधी ऊब आणि उजेड द्यावा. पालवी फुटण्याचा काळ आपल्या हाती नसतो.

चिंतनासाठी:
• मी कोणाला न तपासताच ‘मेलेला’ ठरवले आहे?
• कोणाच्या बाबतीत माझी घाई मुळांना कुजवत आहे?