गुलाबांचा स्वेटर : कथाकथनाचा एक पाठ
(इयत्ता दुसरी व तिसरी)

जीन झायन या अमेरिकन लेखकाने लिहिलेले व मार्गारेट ब्लॉय ग्रॅहॅम यांनी चित्रांनी सजविलेले हॅरी नामक कुत्र्याचे एक पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले. हॅरी पांढरा असून त्याच्या अंगावर काळे ठिपके आहेत. आजी त्याला मोठ्या मायेने लोकरीचा स्वेटर पाठविते. स्वेटर ऊबदार खरा, पण त्यावर गुलाबाची फुले! हॅरी तो घालून बाहेर पडताच माणसे हसतात, कुत्री भुंकतात. बिचारा लाजेने अर्धा होतो. पुढे मुलांबरोबर तो एका मोठ्या दुकानात जातो व तेथे पुनःपुन्हा स्वेटर टाकून देतो. प्रत्येक वेळी कोणीतरी भला माणूस तो परत आणून देतो! अखेर स्वेटरचा एक धागा सुटलेला दिसतो. एक पक्षी तो धागा चोचीत धरून उडतो आणि पाहता पाहता सारा स्वेटर उसवून जातो. आता आजी भेटीला येते आणि स्वेटरची शोधाशोध सुरू होते. हॅरी सर्वांना एका झाडापाशी नेतो. तेथे त्याच लोकरीचे घरटे असते. आजी रागावत नाही. ती नवा स्वेटर देते; त्यावर फुले नसतात, हॅरीच्या अंगावर आहेत तसेच ठिपके असतात.

ही गोष्ट मार्गशीर्ष-पौषात सांगावी. थंडीमुळे लोकरीचे कपडे मुलांच्या डोळ्यांसमोर असतात. शिवाय पावसाळ्यात विणलेली सुगरणीची घरटी तोवर रिकामी झालेली असतात. बाभळीखाली गळून पडलेले एखादे वर्गात आणता येते. मोठ्या शहरातील दुकानाची कल्पना मुलांना नसल्यास ‘एका छपराखाली भरलेला आठवड्याचा बाजार’ एवढे सांगणे पुरे. स्वेटर परत येतो तेव्हा ‘अहो, हा तुमचाच ना?’ हे वाक्य साऱ्या वर्गाने एका सुरात म्हणावे. धागा सुटतो तेथे मात्र शिक्षकांनी थांबावे व पुढे काय होईल ते मुलांना बोलू द्यावे. घाई केल्यास गोष्टीतील सारी मौज तेथेच नाहीशी होते.

खरी जोखीम निराळीच आहे. प्रत्येक वर्गात थोरल्या भावाचा ढगळ सदरा किंवा ठिगळाची चड्डी घालून आलेले एखादे मूल असतेच. ‘माणसे हसतात’ हे शब्द उच्चारताच काही माना त्याच्याकडे वळतात, आणि हॅरीची फजिती त्या मुलाची होऊन बसते. म्हणून रस्त्यावरील हसणे एका वाक्यात उरकावे. हॅरीच्या युक्त्या व त्यांची फसगत यांवर रेंगाळावे. ‘असे कपडे कोणाकोणाचे आहेत?’ हा प्रश्न तर चुकूनही विचारू नये. तसेच ‘वडिलधाऱ्यांनी दिलेले निमूटपणे घ्यावे’ असे तात्पर्य चिकटवू नये. गोष्ट तसे म्हणतच नाही. हॅरीला आजी हवी आहे, गुलाब नको आहेत. ही अडचण लहान मुलांना पुरेपूर ठाऊक असते, फक्त ती बोलून दाखविण्यास त्यांना शब्द सापडत नाहीत. हॅरीला वाचा असती तर तो आजीला काय म्हणाला असता, हे विचारावे व येतील ती उत्तरे ऐकून घ्यावीत.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील, ‘गुरुजी, कुत्रा खरेच लाजतो का?’ त्यास टाळू नये. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ साली १४ पाळीव कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. मान खाली घालणे, नजर चुकविणे यांस आपण अपराधीपणा समजतो. परंतु कुत्र्याने आगळीक केलेली असो वा नसो, मालक रागे भरला की ही लक्षणे अधिक दिसतात, असे तीत आढळले. यावरून मुलांना आपापल्या घरच्या कुत्र्याचे आठवडाभर निरीक्षण करावयास सांगावे. मुद्दाम दरडावून पाहण्यास मात्र मनाई असावी.

दुसऱ्या दिवशी पाटीवर स्वेटरची बाह्यरेषा काढून द्यावी व हॅरीसाठी त्यावर हवी ती नक्षी मुलांनी काढावी. कोणी पुन्हा गुलाबच काढले तरी ते पुसू नयेत.